विजार, लेंगा, सुरवार, तुमान: ही नावं आली कुठून आणि फरक नेमका काय?

कोशकिडा
कमरेखालच्या शिवलेल्या, सैल, नाडीच्या कपड्याला मराठीत निदान सहा नावं आहेत: विजार, लेंगा, पायजमा, सुरवार, तुमान आणि चोळणा. त्यातल्या 'विजार'वर गाडी अडली आहे. कोशात 'अरबी इजार' एवढं लिहून सोडून देतात. पण अरबीत इजार म्हणजे कमरेला गुंडाळायचं, न शिवलेलं कापड. गुंडाळायच्या कापडाचं नाव दोन पायांच्या शिवलेल्या कपड्याला कसं चिकटलं? आणि 'इ'चा 'वि' कुणी केला?

दुसरा प्रश्न शिवणकाम जाणणाऱ्यांना. या सहा नावांमागे कापाचा काही फरक आहे, की प्रांत बदलला की नाव बदलतं एवढंच? कृपया 'सगळं एकच हो' असा प्रतिसाद देऊ नका.

तिरकस
सगळं एकच हो.

अलिफ_बे
पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर देतो. अरबी इजारचा मूळ अर्थ तुम्ही लिहिलाय तोच आणि तो अजून जिवंत आहे. हजच्या इहरामात (यात्रेकरूच्या खास पोशाखात) पुरुषांची दोन वस्त्रं असतात: कमरेला इजार, खांद्यावर रिदा. दोन्ही बेशिलाई. फारसीत हा शब्द गेला तेव्हा तिथले लोक आधीपासून शिवलेली तंग-सैल पाटलोण घालत होते. त्यांनी कापडाचा आकार न बघता जागा बघितली. कमरेखाली जे काही घालायचं ते इजार. हिंदुस्थानात हा शब्द फारसीतून आला तो शिवलेल्या कपड्याचं नाव म्हणूनच. त्याची नाडी ती इजारबंद.

एक खबरदारी: इजारा (मक्ता) आणि इजारदार (मक्तेदार) यांचा या इजारशी काही संबंध नाही. अरबीत दोन्हींचे ज वेगळे आहेत, देवनागरीत ते एकाच अक्षरात पडले.

तिरकस
म्हणजे इजारदार बिनाइजारीचाही असू शकतो. नोंद घेतली.

ताडपत्र
अलिफ_बे यांच्या मुद्द्याला एक मजेशीर पुरावा. अकबराला कपड्यांना नवी नावं ठेवायची हौस होती. आईने-अकबरीत त्याची यादीच आहे. जाम्याला त्याने 'सर्वगाती' म्हटलं, बुरख्याला 'चित्रगुपित', शालीला 'परमनरम', आणि इजारीला 'यार-पैराहन', म्हणजे अंगरख्याचा दोस्त. याचा अर्थ सोळाव्या शतकात इजार हा अंगरख्याखाली घालायचा, त्याच्या जोडीचा कपडा होता. बादशहाने नाव बदलूनही लोकांनी ते घेतलं नाही, परमनरमही गेलं आणि शाल राहिली.

मालवणी_खाजा
'इ'चा 'वि' सगळीकडे झालेला नाही. आमच्याकडे जुनी माणसां अजून इजारच म्हणतत. गोव्यात कोंकणीतही इजार आहे. फक्त तिथे शेजारी 'कालसांव' येऊन बसलंय, पोर्तुगीज 'काल्सांव'वरून. 'वि' हा घाटावरचा उद्योग दिसतो.

सोलापुरी_चादर
कन्नडमध्येही इजार. व नाही. मालवणी_खाजा यांना +१, व्हायचं ते घाटावर झालं.

कोशकिडा
याचं एक स्पष्टीकरण सुचतं. खेड्यातल्या मराठीत शब्दारंभीचा 'वि' गळतो: विठोबा इठोबा होतो, विंचू इंचू, विटाळ इटाळ, विस्तव इस्तू. ज्याला 'शुद्ध' बोलायचंय तो माणूस प्रत्येक 'इ'पुढे 'व' लावायला शिकतो. त्याच्या कानावर 'इजार' पडलं की त्याला वाटतं हेही गावंढळच, खरा शब्द विजार असणार. म्हणजे अतिशुद्धीच्या हौसेतून आलेला व.

नुक्ता
पटत नाही. मग इनामाचं विनाम का नाही झालं? इमारत, इशारा, इलाज, इरादा हे सगळे इ वाले शब्द जसेच्या तसे आहेत. एकट्या इजारीवरच शुद्धीसंस्कार का?

अलिफ_बे
नुक्ता, इनाम आणि इमारत हे दप्तरातले शब्द. सनदेत, महजरात, पत्रात कारकुनाच्या हाताने ते रोज लिहिले जायचे, त्यामुळे त्यांचं रूप टिकलं. कपड्याचं नाव लिहायची वेळ कमी, बोलायची जास्त. बाजारात तोंडोतोंडी फिरणारा शब्द घासतो.

शिवाय उच्चाराच्या सोयीसाठी लागलेला व म्हणावं तर तेही जमत नाही. मराठीत ए-इ पुढे सोयीसाठी येतो तो य: एक चा येक होतो. व येतो तो ओ पुढे: ओठ चा वठ. इजारीला सोयीचं अक्षर लागलं असतं तर 'यिजार' झालं असतं. म्हणून कोशकिडा म्हणतात तो अतिशुद्धीचा रस्ताच मला जास्त खरा वाटतो.

नुक्ता
इशारा आणि इलाज काय फक्त दप्तरात होते? इलाज तर घरोघरी. अर्धवट पटलं, पुढे चला.

गजकात्री
दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी बघतच नाही म्हणून लिहिते. कापाचा फरक आहे. तो नावावर नसून तीन जागांवर ठरतो: आसन, मोहरी (पायाचं खालचं तोंड) आणि नेफा (नाडी ओवायची घडी).

लेंगा किंवा साधा पायजमा हा दोन सरळ पायांचा. बाजूला शिलाई नसते, कापडाची घडीच बाजू होते. शिलाई फक्त आतून. पायांच्या सांध्यात एक चौकोनी तुकडा तिरका बसवतात, तेच आसन. साडेपाच-पावणेसहा फुटी, ३८ सीटच्या (बैठकीचा घेर, इंचांत) माणसाचा हिशेब असा: उंची ४०, नेफ्याला २, खालच्या मुडपीला दीड, म्हणजे एक पाय ४४ इंच धरा. ३६ इंची पन्हा (कापडाची रुंदी) असेल तर पाय पन्ह्यातून एकच निघतो, कारण मांडीशी २७-२८ इंच रुंदी लागते. दोन पाय म्हणजे ८८ इंच. आटण्याचा हिशेब धरून अडीच मीटर घ्यावं. बाजूला ८ इंचांची पट्टी उरते तीत आसनाचा ७ इंची चौकोन बसतो. मोठा, म्हणजे ५६-५८ इंची पन्हा असेल तर दोन्ही पाय शेजारी शेजारी बसतात आणि सव्वा ते दीड मीटरात काम होतं. पण तिथे काठाला पट्टी उरत नाही, आसन लांबीतून काढावं लागतं. ते आधी लक्षात घेतलं नाही की मग जोड देत बसावं लागतं.

मोहरी लेंग्याला १८ ते २० इंच घेर, साध्या झोपायच्या पायजम्याला त्याहून इंच-दोन इंच जास्तही चालते. अलिगढी पायजमा म्हणतात तो मोहरीला अरुंद, बाकी कुळ तेच.

सलवारीचं प्रकरण वेगळं. तिथे पाय सरळ पट्ट्यांचे आणि घेर बाजूच्या कळ्यांतून (तिरक्या कापलेल्या तुकड्यांतून) येतो. मोहरीला ताठ पट्टी, आत कॅनव्हास. पटियाला म्हणजे वर सहा ते आठ इंचांचा पट्टा आणि सगळा घेर त्या पट्ट्याला चुण्या घालून लावलेला. त्याला साडेतीन-चार मीटर जातं.

सोलापुरी_चादर
आसन हे माणसाचं असतं असं वाटत होतं, कापडाचंही असतं हे आज कळलं.

उभाधागा
गजकात्री ताईंनी 'आटण्याचा हिशेब' एका शब्दात उरकला, खरा घोळ तिथेच होतो. साधं, बिनप्रक्रियेचं सुती कापड पहिल्या धुण्यात उभ्या दिशेने पाच-सात टक्के आटू शकतं. चाळीस इंची लेंगा अडीच इंचांनी वर येतो आणि घोटे उघडे पडतात. आडव्या दिशेला आटणं त्याच्या निम्म्याहून कमी. कारण मागावर उभे धागे कायम ताणलेले असतात. पाणी लागलं की तो ताण सुटतो आणि धागा आपल्या मूळ लांबीकडे परततो. सॅन्फोराइज केलेल्या कापडात हे काम गिरणीतच उरकलेलं असतं, ते एक टक्क्याच्या आत राहतं. खादी आणि हातमागाचं कापड मात्र कापायच्या आधी भिजवलंच पाहिजे. रात्रभर साध्या पाण्यात, सकाळी न पिळता दोरीवर, ओलसर असतानाच इस्त्री.

न भिजवता शिवून वर पॉलिएस्टर दोरा वापरला तर दुहेरी शिक्षा. कापड आटतं, दोरा आटत नाही, आणि शिलाई सगळीकडे सुरकुतते. ती सुरकुती इस्त्रीने जात नाही.

तिरकस
वाखूसा (वाचनखूण साठवली). पँट विकत घ्यायची सोडून लेंगा शिवायची इच्छा होणं हे या धाग्याचं यश म्हणायचं की धोका?

वऱ्हाडी_ठेचा
तुमानीवर कोनी बोलूनच नाही रायलं बाप्पा! आमच्या इकडं पँटलेबी तुमान म्हनतेत जुने लोकं. सायबाची तुमान, पोराची तुमान, सारी तुमानच. हा शबद आला कुठून सांगा.

अलिफ_बे
ठेचासाहेब, तुमचा शब्द या सहांमधला सगळ्यात खानदानी प्रवासी आहे. फारसीत 'तुंबान'. अफगाणिस्तानात आज पुरुषांच्या नेहमीच्या पोशाखाला दरी भाषेत 'पैराहन-तुंबान' म्हणतात: वर गुडघ्यापर्यंतचा सैल सदरा, खाली घेरदार पायजमा. आता मराठीतली जोडी आठवा, पैरण आणि तुमान. काबूलच्या पोशाखाची दोन्ही नावं वऱ्हाडात शेतावर जाणाऱ्या माणसाच्या अंगावर होती. पैरणीतला ह गळला, तुंबानातला ब गळला, एवढाच प्रवासखर्च.

वऱ्हाडी_ठेचा
लय भारी. दंडवत.

बडोदेकर१
गुजरातीची भर घालतो, म्हणजे मराठी कोडं जरा उलगडेल. गुजरातीत पुरुषाचा पायजमा तो 'लेंघो'. काठियावाडी केडियाखाली (आखूड, घेरदार अंगरख्याखाली) घालतात तो घोट्याशी तंग, वर ढगळ 'चोरणो' किंवा 'चोयणो'. हाच मराठीतला चोळणा, ळ आणि र यांची अदलाबदल. आणि सुरवारीला गुजरातीत 'सुरवाल'. नेपाळचा राष्ट्रीय पोशाख दौरा-सुरुवाल, तिथेही हाच शब्द.

अलिफ_बे
बडोदेकर, सुरवालचा मुद्दा महत्त्वाचा आहे. फारसी रूप 'शलवार', अक्षरांचा क्रम श-ल-व-र. अरबांनी तो घेतला आणि 'सिरवाल' केला, क्रम स-र-व-ल. गुजराती सुरवाल आणि नेपाळी सुरुवाल यांचा क्रम अरबी रूपाशी जुळतो, फारसीशी नाही. मराठीने शेवटचा लही र केला आणि सुरवार झालं. म्हणजे आज आपण 'सलवार' म्हणतो तो पंजाबी ड्रेसबरोबर अलीकडे आलेला पाहुणा, आणि 'सुरवार' हा त्याच घराण्यातला शेकडो वर्षं आधी येऊन राहिलेला भाऊ. दोघांची एकमेकांना ओळख नाही.

हाच शब्द पश्चिमेला किती लांब गेला बघा. तुर्कीत शाल्वार, रशियनमध्ये शारोवारी, स्पॅनिशमध्ये अरबांकडून थारागुएयेस, आणि पोर्तुगीजमध्ये सेरोलास म्हणजे आतून घालायची लांब चड्डी.

मालवणी_खाजा
म्हणजे पोर्तुगीज गोव्यात उतरले तेव्हा आत सुरवारच घालून आले होते.

ताडपत्र
कोणीतरी 'आपल्याकडे शिवलेले कपडेच नव्हते, सगळं यवनांनी आणलं' असं लिहायच्या आत लिहून टाकतो. बाणभट्टाच्या हर्षचरितात, म्हणजे सातव्या शतकात, राजांच्या पोशाखात स्वस्थान, पिंगा आणि सतुला अशी तीन प्रकारच्या विजारींची नावं येतात. पंजाबी-हिंदीतलं सुथन या 'स्वस्थान'वरून आलं असं मानतात. मथुरेच्या संग्रहालयातला कनिष्काचा बिनडोक्याचा पुतळा लांब डगला आणि जाड बूट घालून उभा आहे. घोड्यावरच्या माणसाचा तो पोशाख. अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यात टोप्या आणि अंगरखे घातलेले परदेशी पुरुष रंगवलेले आहेत. तेव्हा शिवलेली विजार दिसत होती, माहीत होती, राजे घालतही होते. सर्वसामान्याला धोतर सोयीचं होतं म्हणून त्याने ती घेतली नाही, एवढंच.

नुक्ता
धोतर सोयीचं हे खरं. पण घोड्यावर?

ताडपत्र
घोड्यावर विजारच. जगातली सापडलेली सगळ्यात जुनी विजार चीनच्या तुर्फान भागात यांगहाई इथल्या थडग्यांतली आहे, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची, लोकरीची, स्वाराची. गजकात्री यांना आवडेल असा तपशील: ती कापडातून कापलेली नाही. दोन पाय वेगवेगळे, हव्या त्या आकारात मागावरच विणलेत, आणि मधे पायऱ्यापायऱ्यांचा एक स्वतंत्र तुकडा जोडलाय. म्हणजे आसन.

गजकात्री
तेच तर! तीन हजार वर्षांपूर्वी ज्याला कळलं ते आजच्या तयार पायजमेवाल्यांना कळत नाही. कापड वाचवायला आसन गाळतात आणि दोन पाय थेट एकमेकांना जोडतात. उभं राहिलं की ठीक दिसतं. मांडी घातली की सगळा ताण चार शिलाया मिळतात त्या एका टिंबावर येतो आणि तिथेच उसवतं. आसनाचा चौकोन तिरका बसवला की तो ताण उरेब दिशेत जातो. तिरक्या दिशेला सुती कापड ताणतं, उभ्या-आडव्या दिशेला ताणत नाही. शिवाय ते टिंब फुटून त्याचे चार कोपरे होतात.

आसनाची खोली हा दुसरा मुद्दा. पँटला ३८ सीटला साडेदहा-अकरा पुरतं. लेंग्याला सीटचा तिसरा हिस्सा अधिक २ इंच, म्हणजे साडेचौदाच्या आसपास. पँटच्या मापाने लेंगा कापला तर जमिनीवर बसताना नेफा मागून खाली ओढला जातो. शिवताना त्या जागी काठ आत दुमडून दोन शिलाया माराव्यात. नुसती ओव्हरलॉक तिथे टिकत नाही.

न्यू_जर्सीकर
इथे पूजेला घालायचे लेंगे तयारच मिळतात आणि नेहमीची तक्रार एकच: धुतल्यावर नाडी आत जाते. दर वेळी सेफ्टीपिन घेऊन ओवत बसा. यावर उपाय काय?

तिरकस
पत्रिकेत नाडी एक आली की लग्न अडतं, नेफ्यात नाडी आत गेली की माणूस अडतो.

गजकात्री
जर्सीकर, नाडी आखूड आहे. दुकानदार नाडी कमरेच्या मापावर कापतो. ती कापायची नेफ्याच्या पूर्ण घेरावर. लेंग्याचा वरचा घेर सीटपेक्षा ८-१० इंच जास्त, म्हणजे ३८ सीटला ४६-४८. लेंगा उतरवताना नेफा पूर्ण उघडतो, तेव्हाही दोन्ही बाजूंना ९-९ इंच बाहेर राहिले पाहिजेत. म्हणजे नाडी ६४ ते ६६ इंच. वर दोन उपाय: टोकांना गाठ, आणि मागे मधोमध नेफ्यासकट नाडीवर दोन आडवे टाके. नाडी जागची हलत नाही, आणि कितीही ओढाताण झाली तरी एक टोक लांब नि दुसरं गायब असं होत नाही. फक्त टाके घालताना नेफ्याच्या चुण्या पूर्ण सोडून सपाट करून घ्या.

नायलॉनची चकचकीत नाडी नको. तिची गाठ आपोआप सुटते. सुती, विणलेली, सेंटिमीटरभर रुंदीची चपटी नाडी घ्या. आणि नेफा दीड इंचाचा असू दे. पाऊण इंची नेफ्यात नाडी पीळ खाते, कमरेला दोरी काचल्यासारखं होतं.

उभाधागा
पुरवणी: सुती नाडी नवी असताना धुऊन घ्या. ती लेंग्यापेक्षा जास्त आटते.

न्यू_जर्सीकर
धन्यवाद. मागचे दोन टाके हा उपाय इतका सोपा असून कुठल्याच तयार लेंग्यात का नसतो देव जाणे.

नुक्ता
मूळ यादीतला लेंगा तसाच राहिलाय. हिंदीत लहंगा बायकांचा घागरा, मराठी-गुजरातीत लेंगा-लेंघो पुरुषांचा पायजमा. दिल्लीच्या दुकानात 'लेंगा दाखवा' म्हणणाऱ्या मराठी नवऱ्यामुलासमोर काय येईल ते सांगायला नको.

बडोदेकर१
लेंगा आणि लहंगा एकाच कुळातले. 'लंक म्हणजे कंबर, अधिक अंग' अशी फोड सांगितली जाते, ती मला ओढूनताणून आणलेली वाटते. पण फोड काहीही असो, वागणूक इजारीसारखीच आहे. कमरेला नाडीने बांधायचा, खाली सैल सुटणारा कपडा एवढा अर्थ टिकला. मधून दोन पाय फुटले की नाही याची नावाने फिकीर केली नाही.

तिरकस
व्याकरणही गंमतशीर. बायका नेसतात तो लहंगा पुल्लिंगी, पुरुष घालतात ती विजार, तुमान, सुरवार स्त्रीलिंगी.

सोलापुरी_चादर
आणि पायजमा? 'पाय' मराठी, 'जमा' अरबी. पाय जिथे जमा होतात तो. 😀

अलिफ_बे
😀 फारसी पाय अधिक जामा, पायांचं वस्त्र. पण तुमची गंमत पूर्ण खोटी नाही. फारसी पाय आणि मराठी पाय एकाच जुन्या मुळाचे, त्यामुळे पायपोस, पायबंद, पायमल्ली हे फारसी शब्द मराठीत शिरले तेव्हा कुणाला परके वाटले नाहीत. जामा म्हणजे वस्त्र. 'जामानिमा करून निघाले' यातला जामा तोच. निमा म्हणजे आखूड, अर्धा अंगरखा. मेणकापडाला मोमजामा म्हणतात त्यातही हाच.

इंग्रजांनी हा शब्द १८०० च्या सुमारास उचलला. इथे ते घरात सैल बसायला तो घालायचे. मायदेशी त्याचा झोपायचा पोशाख झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीसेक वर्षांत. त्यांच्या भाषेत विजार नेहमी अनेकवचनी, म्हणून मागे 'ज' लावला. तो नाइटसूट होऊन आपल्याकडे परत आला आणि आता एकाच कपाटात दोन पायजमे असतात: पट्ट्यापट्ट्यांचा झोपायचा आणि पांढरा झब्ब्यावरचा.

उभाधागा
चुडीदार राहिला. तो पायजमा गटातला की सुरवार गटातला?

गजकात्री
नाव काहीही द्या, काप तिसराच. चुडीदार पूर्ण उरेब असतो. कापडाची आधी तिरकी थैली शिवायची, मग तिच्यातून पाय कापायचे. त्यामुळे पोटरीला घट्ट बसूनही गुडघा वाकतो. तोच काप सरळ कापडावर केला तर पहिल्यांदा खाली बसतानाच गुडघ्यावर फाटतो. उंची पायापेक्षा ८-१० इंच जास्त, तीच घोट्याशी चुड्या होऊन बसते. मोहरी ११ इंच ठेवली आणि टाच-घोट्याचा फेर १३ भरला तर पाय आत जाणारच नाही. म्हणून खाली ३ इंचांची चीर आणि दोन हूक. कापलेले पाय शिवण्याआधी रात्रभर टांगून ठेवा. उरेब कापड स्वतःच्या वजनाने उतरतं, आणि ते शिवल्यावर उतरलं तर एक पाय दुसऱ्याहून लांब दिसतो. कापड अडीच ते तीन मीटर.

जुन्या चित्रांत अंगरख्याखाली पोटरीवर चुण्या पडलेली सुरवार दिसते, ती बहुतेक वेळा याच कापाची.

कोशकिडा
छान भर पडली. पण गजकात्री, माझा मूळ प्रश्न अजून लोंबकळतोय. समजा तुमच्या टेबलावर कपडा आला आणि नाव सांगितलं नाही. कशावरून ओळखाल की ही विजार, हा लेंगा, ही सुरवार?

गजकात्री
सरळ पाय, बाजूला शिलाई नाही, आसनाचा चौकोन, मोकळी मोहरी: लेंगा, नाहीतर पायजमा. हे दोघं कापात एकच. पांढरा लठ्ठा-पॉपलिन असेल तर गिऱ्हाईक लेंगा म्हणतं, रंगीत किंवा पट्ट्यांचा असेल तर पायजमा. वर ढगळ, खाली तंग: चोळणा किंवा सुरवार. त्यातला गुडघ्याच्या आसपास संपणारा तो चोळणा, घोट्यापर्यंत जाणारी ती सुरवार. कळ्यांचा घेर असेल तर सलवार.

विजार आणि तुमान यांना स्वतःचा काप नाही. ही सर्वनामं आहेत. म्हणून तर पुढे पँट आली तेव्हा तिलाही विजार म्हणता आलं, चड्डीला अर्धी विजार म्हणता आलं. पँटला कोणी लेंगा म्हणाल्याचं ऐकलंय का?

अलिफ_बे
हे नेमकं बसतंय. अरबीतून फारसीत जातानाच इजारीने आकार सोडून दिला होता. मराठीत ती पुन्हा एकदा तेच करते, लेंग्यावरून पँटवर जाते.

नुक्ता
हे मान्य. 'वि' मात्र अजून मान्य नाही. विजारीसारखा दुसरा एखादा अरबी-फारसी शब्द दाखवा, मुळात इ आणि मराठीत वि. एक जरी मिळाला तरी मी गप्प बसतो.

कोशकिडा
शोधतो. इतरांनीही शोधा.

वऱ्हाडी_ठेचा
तवरक तुमान म्हना, काई भांडन नाई.

न्यू_जर्सीकर
गजकात्री ताई, शेवटचं एक. आठ वर्षांच्या मुलासाठी लेंगा शिवायचाय, दोन वर्षं तरी पुरला पाहिजे. उंची २८, सीट २६. कापड किती आणि वाढीला कुठे ठेवायचं?

गजकात्री
३६ पन्ह्यात पावणेदोन मीटर. मुडप दीडऐवजी ३ इंच ठेवा, आतून दोन घड्या, वर हातशिलाई. मशीन मारू नका, नंतर मुडप सोडल्यावर सुयांची भोकं दिसतात. नेफ्यात वाढ ठेवून उपयोग नाही, कारण मूल उंच होताना आसन आधी अपुरं पडतं. म्हणून आसनाची खोली आत्ताच इंचभर जास्त घ्या: २६ चा तिसरा हिस्सा पावणेनऊ, अधिक २, अधिक १, म्हणजे पावणेबारा. पहिले सहा महिने थोडा लोंबेल, चालतं. चौकोन ५ इंची. नाडी ५२. लहान मुलाला नाडीची गाठ सोडता येत नाही, म्हणून मागच्या अर्ध्या नेफ्यात इलॅस्टिक घालून पुढे नाडी ठेवलीत तर गाठ न सोडताही लेंगा खाली येतो. इलॅस्टिकची दोन्ही टोकं बाजूच्या घडीपाशी नेफ्यावर उभी शिलाई मारून पक्की करा आणि नाडी तिथेच त्याला जोडा.